नऊच्या गोळीची सोय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. येत्या सोमवारपासून मी रात्री नऊचं बुलेटिन सोडून सकाळी सहाचं घेतलंय. मला काढलेलं नाही, मीच मागून घेतलं. बाबा, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुम्ही नको म्हणाला असता तर तुमचा शब्द मला मोडवला नसता.

कारण चिनू. नऊसाठी दुपारी दोनला निघायचं आणि परतायला साडेअकरा. तो शाळेतून यायच्या आत मी बाहेर, मी येते तेव्हा तो झोपलेला. आता त्याला शाळेतून मीच आणणार. पगार तोच. सकाळच्या बातम्यांना मान कमी आहे असं अजिबात समजू नका. चार जणांची आरडाओरड नसते, दूरदर्शनवर प्रदीप भिडे वाचायचे तसं सरळ, स्वच्छ वाचायचं असतं. 'ळ' नीट उच्चारायला तुम्हीच शिकवलंत ना!

आई, झोपेची काळजी नको. रात्री आठला पाठ टेकायची, अडीचला उठायचं, दुपारी चिनूबरोबर दीड तास पुन्हा. साडेतीनला ऑफिसची गाडी दाराशी येते, सोबत गार्ड असतो. चारला रनडाउन (बातम्यांचा क्रम), साडेचारला मेकअप, पावणेसहाला खुर्चीत. मेकअप करता करता केळं आणि कोमट पाणी, बुलेटिन संपलं की पोटभर नाश्ता.

प्रश्न विचारून मी गप्प होते तेव्हा तुझा जीव खालीवर होतो, ठाऊक आहे मला. मी विसरलेली नसते गं. बातमीदाराच्या पाठीवरची बॅग मोबाइलच्या नेटवर्कवरून चित्र पाठवते. माझा प्रश्न त्याच्या कानात पोचून उत्तर परत यायला दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात मी पुन्हा बोलले तर दोघांचं एकमेकांवर आदळतं, म्हणून थांबायचं. आणि मान तिरकी होते ती अवघडल्यामुळे नाही. कानातल्या टॉकबॅकवर प्रोड्युसर दहा, नऊ, आठ मोजत असतो.

हिरव्या इरकलीचं मात्र वाईट वाटून घेऊ नकोस. सकाळी हवामान सांगताना मागे हिरवा पडदा असतो. कॉम्प्युटर जेवढं हिरवं तेवढं पुसून नकाशा लावतो, मग पदराच्या जागीही नकाशाच दिसेल. बारीक चौकडीचीही चालत नाही, कॅमेऱ्यात लाटा उठल्यासारखी थरथरते. तू शहापुरातून आणलेली मरून, साध्या अंगाची, ती पहिल्या दिवशी नेसणार. पदराच्या घडीला माइकचा चिमटा लागतो आणि त्यावर जरीचे धागे घासले की खरखर ऐकू येते, म्हणून तिथे आतून चिकटपट्टी लावून घेईन. हिरवी दिवाळीला बेळगावात, तुझ्यासमोर.

आता बाबा, नीट ऐका. माझं बुलेटिन लागलं की तुम्ही प्रेशरची गोळी घेता. सोमवारपासून नऊला दुसरंच कुणी दिसेल आणि गोळी राहील. अण्णांच्या वेळेला काय झालं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून माझ्या आवाजात 'बाबा, गोळी' असं रेकॉर्ड करून पाठवलंय. शेजारच्या पोराकडून फोनच्या अलार्मला तोच आवाज लावून घ्या, रोज रात्री नऊ. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

मशीन लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, दंड छातीच्या उंचीला. चहानंतर अर्धा तास नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा बघून दोन्ही आकडे वहीत लिहा. बोलत बोलत मोजलं की आकडा वर दिसतो, आणि तुम्ही बोलत असताच.

पहाटे मला बघायला उठायचं नाही. दोघांनीही. तिकडची थंडी मला माहीत आहे. बुलेटिन नंतर यूट्यूबवर असतं, आठला चहाबरोबर बघा. मी रोज संध्याकाळी साडेसातला फोन करेन, झोपायच्या आधी. वही जवळ घेऊन बसा.

तुमची,
बाळी