तड्यांचे कारण पायाखालच्या काळ्या मातीतही शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या वसाहतीतील घरांना गेलेल्या तड्यांची बातमी कालच्या अंकात वाचली. सगळा दोष कमी सिमेंटवर आणि कच्च्या विटांवर टाकून ती संपते. घरे ज्या काळ्या मातीवर उभी आहेत तिचा साधा उल्लेखही त्यात नसावा, याचा मनस्वी संताप आला.

परभणीतील आमच्या घराचा पाया ऐन मे महिन्यात खणला गेला. पहारीनेही ढेकूळ सुटत नव्हते. "काका, दगडासारखी जमीन आहे, आणखी खाली कशाला जायचं?" असे म्हणून गुत्तेदाराने 4 फुटांवरच पाया भरला. उन्हाळ्यात कणांमध्ये उरलेल्या थोड्याशा पाण्याचा ताण ही माती घट्ट आवळून धरतो, एवढेच त्या कडकपणाचे कारण असते. पावसाचे पाणी मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांत शिरले की माती फुगते, तो ताण नाहीसा होतो आणि भार पेलण्याची ताकद झपाट्याने उतरते. रस्त्याच्या कामात मातीचा नमुना 4 दिवस पाण्यात भिजवून मगच सीबीआर, म्हणजे प्रमाणित खडीच्या तुलनेत मातीची ताकद टक्क्यांत मोजणारी, चाचणी घेतात, ती यासाठीच; उन्हात भक्कम वाटणारी काळी माती त्या चाचणीत अनेकदा 2 ते 4 टक्क्यांवर येते. आमच्याकडे बाहेरच्या भिंतींखाली ओल पोहोचून जमीन वर उचलली गेली, मधली कोरडीच राहिली आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेले. विटा आणि सिमेंट उत्तम प्रतीचे होते, कारण ते मी स्वतः निवडून आणले होते.

यावरचे उपाय नवे नाहीत. ओल फारशी बदलत नाही अशा खोलीपर्यंत, म्हणजे साधारण 3.5 मीटर, जाणारे आणि तळाशी रुंद केलेले अंडररीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने कित्येक दशकांपूर्वी रूढ केले. न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडली. मोठ्या प्रकल्पांत हे होते. कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्याला मात्र मातीची फुगवण तपासून घ्या, असे कोणी सांगतही नाही.

त्यातच आमच्या गल्लीतील गटार जोत्याला लागूनच, तेही कच्चे, खोदून ठेवले आहे. त्याचे पाणी वर्षभर पायात मुरते. तक्रार करूनही ते पक्के झालेले नाही. तड्यांवर पुन्हा बातमी कराल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने हे गटारही पाहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, परभणी