उलटा पडलाय म्हणजे मेलाय असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी राजारामपुरीत राहते, वय ५३, आणि कोळ्यावर पेपरला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पोरानं गेल्या वर्षी टॅरांटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं, पिल्लू आणलं, मेक्सिकन रेड नी म्हणतात त्याला, तेव्हा शर्टाच्या बटणाएवढं होतं. मग पोरगं नोकरीला पुण्याला गेलं आणि डबी माझ्या गळ्यात.

पत्र लिहायचं कारण म्हणजे, विकणाऱ्यानं सांगितलेलं सगळं उलटं निघालं. रोज खायला घाला म्हणाला, पाण्यात स्पंज ठेवा म्हणाला, तो स्पंज आठ दिवसांत घाण वास मारायला लागला. आता मी बाटलीचं झाकण ठेवते पाण्याला, डबीत पसरलेल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुश्याचा, एकच कोपरा ओला करते आणि पाच-सहा दिवसांनी मीलवर्म नावाच्या अळीचा मारलेला तुकडा टाकते, बास. बागेतला किडा घालायचा नाही, त्यावर औषध मारलेलं असलं तर हा पण जातो.

तर एकदा रात्री बघते तर हा उताणा, पाय वर. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं गेला तो, टाकून दे. मिस्टर सुपडी घेऊन आले पण! मी पोराला फोन लावला तर तो ओरडलाच, आई हात लावू नको, कात टाकतोय. आम्ही तिघं टॉर्च लावून बसलो. आधी पाठीवरचं टोपण उघडलं, मग एकेक पाय हातमोज्यातून बोट काढल्यासारखा बाहेर, तासभर लागला असेल. सकाळी शेजारी अख्खी कात पडलेली, आठ पायांसकट, आणि याचे दात पांढरे, मऊ. दात काळे होईतोवर खायला द्यायचं नाही आणि जिवंत किडा तर आत ठेवायचाच नाही, तोच याला कुरतडतो. त्या रात्री सुलटा केला असता तर खरंच मरू शकला असता. असे किती जिवंत कोळी कचऱ्यात गेले असतील कुणास ठाऊक.

आणखी एक, हातावर घेऊन रील करणाऱ्या पोरांनो, टेबलावरून पडला तरी पोट फुटू शकतं त्याचं. विष माणसाला सौम्य असतं पण मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतो, मला दोन दिवस खाज सुटली होती. आणि हा सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला प्राणी आहे, २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर नोंदणी लागते, ती पोराकडनं करून घेतली तेव्हाच डबी घरात राहिली. मादी निघाली तर २० वर्षं सहज जगते म्हणे, म्हणजे मी त्र्याहत्तरीची होईतोवर!

विकणाऱ्यांनी निदान कात टाकण्याचं तरी चिठ्ठीवर लिहून द्यावं, एवढंच छापा.

आमच्याकडं कालपासून परत खाणं बंद आहे, पोट काळपट दिसतंय, म्हणजे परत कात टाकणार. सुपडी माळ्यावर टाकलीय.

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर