किल्पेकची प्रदक्षिणा घडवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

प्रकल्पाची रेखाटनं काल एकदाची जमा केली आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं. वास्तुकला शिकायला इंग्लंडात आलेल्या आपल्या मुलामुलींनीही वाचावं, म्हणून उघडच लिहितेय.

गणपतीत एकदाच झालेली आपली ओळख. किल्पेक गावातलं जुनं कोरीव चर्च बघायचं होतं; हेरफर्डहून तिथं बस जाते का, एवढंच विचारायला मी फोन केला होता. ‘बसचं राहू दे, मी स्टेशनवर येतो,’ म्हणालात आणि अख्खा शनिवार मला दिलात.

चर्च दिसताच मी दाराकडे निघाले, तर तुम्ही अडवलंत. ‘आधी प्रदक्षिणा.’ गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिलीत. काका, त्या प्रदक्षिणेसाठी हे आभार आहेत. पुस्तकातल्या नकाशावरून मला एवढंच कळलं होतं की सभागृह, त्यापुढे वेदीकडचा भाग आणि शेवटी अर्धगोल, असे तीन भाग एकापुढे एक अरुंद होत जातात. छपराच्या कडेखाली भिंतीतून डोकावणारे ते ८५ कोरीव दगड मात्र एकेक करून तुम्ही बघायला लावलेत. डुक्कर, मेंढा, गळ्यात गळा घातलेले कुत्रा आणि ससा! ११४० च्या सुमारास हे कोरणाऱ्या माणसानं त्या सशाचे डोळे किती मायेनं केलेत.

अर्धगोलाच्या भिंतीवर शीला-ना-गिग, म्हणजे आपली योनी उघडून दाखवणारी स्त्रीमूर्ती, आली तेव्हा मी जरा घुटमळले. तुम्ही सरळ म्हणालात, ‘लज्जागौरी पाहिली आहेस ना? मग हिच्याकडेही नीट बघ.’ ही मूर्ती पापाची भीती घालायला आहे की दृष्ट लागू नये म्हणून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हेही सांगितलंत. दोघींचं नातं जोडायची घाई मात्र करू दिली नाहीत. ते मला फार मोलाचं वाटलं.

मग दक्षिणेचा दरवाजा. तांबूस वालुकाश्म, दारावरच्या अर्धगोल दगडात वेलीसारखा जीवनवृक्ष, बाजूच्या खांबांवर एकमेकांना गिळणारे सर्प, वेलींत अडकलेले सैल विजारीतले योद्धे. एका खांबाच्या माथ्यावर तोंडातून पानं फुटणारा चेहरा दिसला आणि मला आपल्या देवळांतलं कीर्तिमुख आठवलं. ‘अर्डिस्ली गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर असेच लढवय्ये आहेत, या भागातल्या एकाच परंपरेतल्या कारागिरांचं काम,’ असं तुम्ही म्हणालात, तेव्हा ते निनावी हात मला पहिल्यांदा माणसांचे वाटले. छिन्नी घेऊन गावोगाव फिरणारी माणसं.

आत फार वेळ थांबलो नाही. वेदीपुढच्या कमानीला दोन्हीकडे एकावर एक उभे असलेले तीन-तीन संत मात्र विसरणार नाही. तशी रचना स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थक्षेत्री आहे, आणि यात्रेकरूंबरोबर ती कल्पना इथवर आली असावी, असं तुम्ही सांगितलंत.

शेजारच्या टेकाडावर किल्ल्याची दोन-चार भिंताडं उरलीत. गवताखालचे उंचवटे म्हणजे उठून गेलेलं जुनं गाव, हे तुम्ही दाखवलं नसतं तर मी तिथं बसून नुसता डबा खाल्ला असता. किल्ल्याच्या धन्यानं, ह्यूनं, ११३४ मध्ये इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिलं. आज किल्ला पडलाय, जुन्या वस्तीच्या जागी गवत आहे, आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू आहे.

पाऊस भुरभुरायला लागला तेव्हा तुम्ही माझ्या कागदावर छत्री धरून उभे राहिलात. तुमचा उजवा खांदा पूर्ण भिजला होता. मी चित्रात गुंतले होते, तेव्हा बोलले नाही.

काकूंच्या थालीपिठांना आणि त्यांना नमस्कार. चुकून माझ्या पिशवीत आलेली दुर्बीण उद्या पोस्टानं पाठवतेय. तिच्या कव्हरात कुत्र्या-सशाचं एक रेखाटन ठेवलंय, ते तुमचं.

तुमची,
बर्मिंगहॅमची विद्यार्थिनी