तुम्ही तिच्या जागेवर बसून पाहिलंत

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गुणपत्रिका घ्यायला आम्ही बापलेक शाळेत आलो, त्या दिवशी तुम्ही अर्धाच पेढा तोडून घेतलात, धाकटीच्या डोक्यावर हात ठेवलात आणि कपाटातल्या रंगाच्या बाटल्या मोजायला निघून गेलात. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. घसा दाटून आला होता. म्हणून आता लिहितोय, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितोय. तुम्ही चित्रकला शिकवता ती शाळा महापालिकेची आहे. ते दोन शब्द ऐकले की लोकांच्या कपाळावर जी आठी पडते ती मला चांगली ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी ती माझ्याही कपाळावर होती.

आमच्या घरचं तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत, म्हणून थोडं सांगतो. आमचं काम तांब्या-पितळेचं. वडील हंडे, घंगाळं, बंब घडवायचे. आता नवीन घडाई कमी, मठार (भांड्यावर हातोडीनं ठोके उठवणं) आणि डागडुजी जास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि भांडी बाजारात पाणी शिरलं, तेव्हा आमचा गाळाही गेला. तांब्याला पाण्याचं काही होत नाही, धुतलं की झालं. पण मोटर गेली, उधारीच्या वह्या गेल्या, लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या भांड्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या. कुणाची समई कुठली, काही कळेना. त्यातून सावरतोय तोवर लॉकडाऊन आला.

धाकटी तेव्हा एका खासगी शाळेत होती. शाळेचं नाव घेत नाही, घेऊन काही उपयोगही नाही. फी थकल्यावर तिथं वर्गात नावं वाचून दाखवायचे. ते मी एक वेळ समजून घेतलं, शाळेलाही पगार द्यायचे असतात. पण एक गोष्ट मला अजून पचलेली नाही, आणि ती फीची नाही.

तिथं चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदा, तोही गणिताच्या बाईंकडे. वार्षिक परीक्षा जवळ आली की तासच गायब व्हायचा. स्नेहसंमेलनाची सजावट पैसे देऊन बाहेरून करून घ्यायचे, मुलांनी कात्रीसुद्धा हातात धरलेली नसायची. पाचवीत असताना एकदा बाईंनी चौथऱ्यावरच्या टेबलावर घागर ठेवली आणि फळ्यावर तिचं चित्र काढून दिलं. माझी पोरगी उंचीनं कमी, पहिल्या बाकावर. तिनं फळ्याकडे न बघता घागरीकडे बघून चित्र काढलं. तिला घागरीचं तोंड दिसत नव्हतं, तर तिनं काढलं नाही. वहीवर लाल फुली आली आणि खाली प्रश्न: ‘तोंड कुठे आहे?’

सर, पुढचं लिहिताना हात जड होतो. ती वही तिनं मला दाखवली. म्हणाली, ‘बाबा, मला दिसतच नव्हतं.’ मी काय केलं असेल? खोडरबर घेतला, काठ खोडला आणि तिच्या हाताला धरून तोंडाचा लंबगोल काढून दिला. ‘बाई म्हणतात तसं काढ, मार्क जातील,’ असं वर सांगितलं. ज्याच्या हातातून रोज घागरींचे काठ वळतात, ज्याला घागर कुठून कशी दिसते हे झोपेतही सांगता यावं, त्या माणसानं स्वतःच्या पोरीला तिच्या डोळ्यांपेक्षा लाल फुलीवर विश्वास ठेवायला लावलं.

त्यानंतर ती काही काढायला बसली की आधी विचारायची, ‘हे कसं काढायचं असतं?’ कसं दिसतं हे विचारणं बंदच झालं. झाड कसं काढायचं असतं, डोंगर कसा काढायचा असतो. त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. गोदावरीच्या काठावर वाढलेली पोर ती! आम्हाला वाटायचं, चला, आता नीटनेटकं काढायला लागली.

आठवीला तिला तुमच्या शाळेत घातलं ते नाइलाजानं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. एकानं तर तोंडावर विचारलं, ‘पोरीचं वाटोळं करायचं ठरवलंस का?’ मी काही बोललो नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग तो ऑगस्टचा दिवस. पाऊस लागून राहिला होता. धाकटी ड्रॉईंग बोर्ड घरी विसरली आणि तिची एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी चालू होती, म्हणून मी काम टाकून बोर्ड द्यायला आलो. तुमच्याकडे वेगळी कलाखोली नाही, तुम्ही हॉलमध्ये शिकवता. मुलं जमिनीवर बसली होती, मांडीवर बोर्ड नाहीतर पुठ्ठा. मधे टेबल, टेबलावर चेपलेली अ‍ॅल्युमिनियमची कळशी, शेजारी दोन कांदे आणि एक निळं फडकं. धाकटी टेबलाच्या अगदी जवळ बसलेली. कुणाचा तरी पुठ्ठा मागून घेतला होता. मी दारात थांबलो, कारण तुम्ही तिच्यामागे उभे राहून तिचा कागद बघत होतात.

कळशीला तोंड नव्हतं.

माझ्या पोटात गोळा आला. पाचवीतली लाल फुली डोळ्यांपुढे आली. वाटलं, झालं, आता परत तेच.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. चपला बाजूला काढल्यात, ‘सरक गं जरा’ म्हणालात आणि त्या ओल्या फरशीवर तिच्या जागी मांडी घालून बसलात. बसूनही तुमचे डोळे तिच्यापेक्षा वर राहत होते, म्हणून पाठ वाकवून मान खाली घातलीत. एक डोळा मिटून पेन्सिल लांब धरलीत आणि कळशीकडे पाहिलंत. चांगलं निवांत पाहिलंत. मग म्हणालात, ‘बरोबर आहे. इथून तोंड दिसतच नाही. काठ वर वाकलेला दिसतो, तसाच काढलायस तू.’ आणि लगेच, ‘पण टेबलाची वरची बाजू काढलीयस, ती दिसते का तुला इथून?’

तिनं पाहिलं. ‘नाही दिसत.’

‘मग खोड.’

एवढंच. उठताना तुमची पँट मागून भिजलेली होती. तुम्ही ती झटकलीत आणि सगळ्या वर्गाला सांगितलंत, ‘प्रत्येकाची कळशी वेगळी आली पाहिजे. दोघांची सारखी आली तर एकानं कळशी बघितलेली नाही.’

मी बोर्ड शिपाईदादांकडे दिला आणि तसाच परत फिरलो. घारपुरे घाटाकडून चालत आलो. छत्री हातात होती आणि उघडायचं भान नव्हतं.

लोक मला विचारतात, एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला किती मार्क वाढतात? सांगतो, सात. बीला पाच, सीला तीन. मग म्हणतात, अरे वा, म्हणजे फायदा आहे की! सात मार्कांचा आनंद मलाही आहे, खोटं कशाला बोलू. पण मी पेढे वाटले ते सात मार्कांचे नव्हते. तुम्ही त्या फरशीवर बसलात, त्याचे होते. मार्क देणारे खूप भेटतात. मुलाला कसं दिसतंय हे त्याच्या जागेवर जाऊन बघणारा माणूस मी पन्नाशीपर्यंत पाहिला नव्हता, आणि मीही तसा वागलो नव्हतो.

नंतरची एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. स्मरणचित्राच्या सरावाला तुम्ही मुलांना सांगितलं होतंत, ‘खरंच आठवतंय ते काढा.’ धाकटीनं पूर काढला. पाणी नाही, पूर ओसरल्यानंतरचा दिवस. गाळ्यात आम्ही सगळे घमेल्यांनी गाळ उपसतोय. आमची तोंडं कुठंच नाहीत, नुसती डोकी आणि खांदे. आणि भांडी मात्र सगळी तोंडं उघडी असलेली, गोलच्या गोल, काठोकाठ गाळानं भरलेली. मला आधी कळेना, हे असं का काढलं. मग लक्षात आलं. त्या दिवशी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होती. तिला खाली उतरू दिलं नव्हतं. दहा वर्षांची पोर दिवसभर वरून बघत होती आणि आमच्यापैकी कुणीही तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. चित्रात एकाच्या डोक्यावर मधोमध टक्कल आहे. तो मी. त्या चित्रातून मला कळलं की त्या पुरात तीही होती.

ते चित्र बघून तिची आई रात्री उशिरापर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. आमच्या घरात पुराबद्दल पैशांपलीकडे पहिल्यांदा काही बोललं गेलं ते त्या रात्री.

चित्रकला म्हणजे टाइमपास, चित्रांनी पोट भरतं का, असं म्हणणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं. आणि नाशिकात राहून असं म्हणावं? सिनेमावाले दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पुढे त्यांनी काय केलं ते सगळं जग जाणतं. शिवाजी तुपे यांच्यासारखा जलरंगांचा चित्रकार याच गावात होऊन गेला. हे दोन्ही मला धाकटीनं सांगितलं, म्हणजे तुम्ही. त्या आधीच्या शाळेत पाच वर्षं फी भरली, तिथं यातलं एक अक्षर तिच्या कानावर पडलं नव्हतं.

कायदा वाचून दाखवणारा एक गिऱ्हाईक आहे माझा, निवृत्त मास्तर. त्यांनी सांगितलं की शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असली तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, असावेत असं लिहिलंय. म्हणजे शंभराच्या आत मुलं असली तर त्यांच्या कागदावर कुणी वाकून बघायचं? गणिताला पूर्ण वेळ माणूस लागतो हे मला मान्य आहे, माझा धंदा मापावरच चालतो. पण ज्या मुलांच्या घरात रंगपेटी नाही, ज्यांचे आईबाप क्लासची फी भरू शकत नाहीत, त्यांना चित्र भेटणार ते सरकारी शाळेतच. नाहीतर भेटणारच नाही. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं तुमच्याच कपाटातले पोस्टर कलर वापरतात. बाटलीत पाणी घालून, हलवून, शेवटचा रंगसुद्धा तुम्ही वाया जाऊ देत नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

रविवारी तुम्ही मुलांना घाटावर नेता, नारोशंकराच्या देवळाची घंटा काढायला बसवता, त्याचे तुम्हाला कुणी पैसे देत नाही. मला ती घंटा लहानपणापासून माहीत. वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण म्हणून सांगतात ती. पूर चढला की पाणी घंटेपर्यंत आलं का, हे बघायचं, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. धाकटीमुळे मी पहिल्यांदा तिच्यासमोर शांत उभा राहिलो. धातूचा माणूस मी, आणि तो ओतीव काठ इतक्या वर्षांत कधी नीट पाहिला नव्हता.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याला मोठमोठ्या गोष्टी आठवतात. पुराच्या दुसऱ्या दिवशी एक अनोळखी मुलगा आमच्या गाळ्यात आला, न विचारता घमेलं उचललं, संध्याकाळपर्यंत गाळ काढला, चहा प्यायला आणि गेला. नाव विचारायचं राहून गेलं, सर. तो आणि तुम्ही मला एकाच घरातले वाटता. दोघांनी भाषण केलं नाही. दोघांचे कपडे खराब झाले.

आता कामाचं. तुमची ती चेपलेली कळशी बघून बरेच दिवस मनात होतं. तांब्याची एक घागर घडवली आहे, सोमवारी शाळेत पोहोचवतो. नाही म्हणू नका. गळा अरुंद ठेवलाय आणि पोटावर मठार जरा ठळक मारलाय, म्हणजे एकेका ठोक्यावर उजेड वेगळा पडेल. मुलांना काढायला अवघड जाईल, पण धाकटी म्हणते, ‘जाऊ दे, सर बघतील.’ घागर महिन्याभरात काळवंडेल. शिपाईदादांना सांगा, चिंच लावून घासू नका. काळ्या तांब्यात तपकिरी, जांभळा, हिरवा असे पुष्कळ रंग येतात, ते मुलांना मिळू देत. चकचकीत हवी असेल तेव्हा निरोप द्या, मी येऊन घासून देईन.

आपला नम्र,
जमिनीवर बसलेल्या त्या मुलीचा बाप
जुने नाशिक