मित्रास पत्र : स्कोअरची वही

प्रिय मित्रा,

महिन्यापूर्वी फोनवर बोलता बोलता तू सहज म्हणालास की १९९३ च्या जानेवारीत तुमचे दार त्या लोकांना कसे कळले, हे तुझ्या आईला शेवटपर्यंत उमगले नाही. त्यावर मी पावसाचा विषय काढला. त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

हाउसिंग बोर्डाच्या आपल्या त्या चार मजली इमारतींत मी कोणाच्याच उपयोगाचा नव्हतो. मी तोतरा होतो, चष्मिस होतो आणि पळताना पाय वाकडे पडत, म्हणून संघ पाडताना मला कोणी मागत नसे. स्कोअर लिहायला मात्र बसवत, कारण अक्षर बरे होते. माझे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणारा तू एकटाच होतास. तुझी गोलंदाजी मी जरा उदारपणे लिहीत असे, हेही आता सांगून टाकतो.

६ डिसेंबर १९९२ हा रविवार होता. सकाळी आपला सामना सुरू होता आणि संध्याकाळी बाबरी मशीद पाडल्याची बातमी आली. पुढचे काही दिवस नाक्यावर टायर जळत होते, कर्फ्यूत दूध मिळत नव्हते आणि शाळा बंद होती. मग सगळे निवळले असे वाटले. पण महाआरत्या सुरू झाल्या आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबई पुन्हा पेटली. समुद्रातून हत्यारांच्या बोटी येत आहेत, अशी अफवा उठली. समुद्रापासून इतक्या लांब राहणारी आपली माणसेदेखील गच्चीवर सोड्याच्या बाटल्या आणि फुटक्या विटा जमवून रात्रभर गस्त घालू लागली. गस्तीला प्रत्येक घरातून एक पुरुष हवा होता. वडील रात्रपाळीला असत, म्हणून पंधरा वर्षांचा मी गेलो.

खरे सांगायचे तर, त्या रात्री मला फार आवडल्या. जी मुले माझ्या बोलण्याची नक्कल करत, त्यांनीच मला हॉकी स्टिक दिली, चहाचा पहिला कप दिला. तिसऱ्या रात्री बाहेरचे दोघे-तिघे आले, त्यांच्याशी सगळे अदबीने बोलत होते. वसाहतीत ‘त्यांची’ घरे किती आहेत, याची यादी त्यांना हवी होती. कोणीतरी म्हणाले, “ह्याचं अक्षर चांगलं आहे.” स्कोअरची वही माझ्याकडे होतीच. लोक नावे सांगत गेले, मी इमारत, मजला आणि खोली असे रकाने पाडून लिहीत गेलो. रकाने पाडायला मला कोणी सांगितले नव्हते.

तुझ्या वडिलांनी डिसेंबरातच दारावरची पाटी काढली होती. खाली जिन्याजवळच्या फळ्यावर मात्र तुमचे आडनाव होते, आणि ते कोकणातल्या हिंदूंचेही असते. तुमच्या इमारतीची पाळी आली तेव्हा तो पाहुणा फळ्यावरचे नाव आठवून म्हणाला, “हे आपलेच ना?” बाकीचे गप्प राहिले. त्यांनी मुद्दाम तोंड बंद ठेवले की त्यांना डुलक्या येत होत्या, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. मी म्हणालो, “नाही, ते मुसलमान आहेत.” एकही अक्षर अडले नाही. त्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला आनंद झाला.

पुढचे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. समोरच्या आजींनी तुम्हांला देवघराच्या खोलीत लपवले म्हणून तुम्ही वाचलात; घर राहिले नाही. तुम्ही मुंब्र्याला गेलात, तेव्हा टेम्पोपाशी मीही उभा होतो आणि तू मला तुझी बॅट देऊ केलीस. ती मी का घेतली नाही, याचे तू तेव्हा वाईट वाटून घेतलेस.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला सादर झाला, मी तो बऱ्याच उशिरा वाचला. दोन्ही दंगलींत मिळून ९०० माणसे मेली, त्यांतले ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. हे आकडे मी आधी ऐकले होते. पण हल्लेखोरांच्या हातात याद्या आणि मतदारयाद्या होत्या, असा उल्लेख आला तिथे मी पुस्तक मिटले. मुलगा लहान होता, घाबरलेला होता, हे बायकोचे म्हणणे आहे. लहान होतो, घाबरलेला मात्र नव्हतो, म्हणून ती सवलत मला घेता येत नाही.

वही अजून माझ्याकडे आहे. यादीचे पान त्यांनी फाडून नेले. त्याच्या आधीच्या पानावर ६ डिसेंबरचा सामना आहे. तुझी तीन षटके पुरी झालेली आहेत, चौथ्यातले दोन चेंडू टाकून झाले आणि तुला आईने वरून हाक मारली. उरलेल्या चार चेंडूंची जागा कोरी आहे.

फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस. आई गेल्याचे तू सांगितलेस, तेव्हाच हे लिहायला हवे होते. त्यांना कळायला हवे होते.

तुझा,
स्कोअरर