शुभा, बाबा खोटं बोलले

पुणे
डिसेंबर २०२५

प्रिय शुभा,

फोनच करणार होते. पण आमच्या घरात कुठेही बसून बोललं तरी बाबांना ऐकू जातं, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे. तब्येतीचं आधी उरकते: आईची साखर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच, महेश मजेत.

बाबा आईशी खोटं बोलले. आणि त्यांना वाटतंय की आम्हाला ते कळलेलं नाही.

दुसरं कोणी हे ऐकून म्हणेल, एवढंच ना? तू म्हणणार नाहीस. तुझा बारावा वाढदिवस आठव. नवा फ्रॉक घालून आपण दोघी बाबांच्याच बसमध्ये चढलो, आणि तू मोठ्या तोऱ्यात हाफ तिकिटाचे पैसे पुढे केलेस. "शुभा, आज बारा पूर्ण झाली ना? मग आता पूर्ण तिकीट." भरल्या गाडीत! तू रडकुंडीला आलीस. बाबांनी तिकीट पूर्ण फाडलं, कमी पडलेले पैसे शर्टाच्या खिशातून काढून चामड्याच्या बॅगेत टाकले आणि दोन घंट्या दिल्या. स्वारगेट येईपर्यंत तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस. हा तो माणूस आहे, शुभा.

झालं असं. रिटायर्ड मंडळी महिन्यातून एकदा स्वारगेटला जमतात, ते तुला माहीत आहे. कदमकाका, भोसलेकाका, जे कोण उरलेत ते. त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पास खिशात ठेवून निघाले आणि अर्ध्या तासात परत आले. चपला जागेवर ठेवल्या, पिशवी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "मीटिंग रद्द झाली. कदमला ताप आहे." संध्याकाळी कदमकाकांचाच फोन, की आज आला का नाहीस. फोन आईने घेतला होता. ती म्हणाली, "त्यांना जरा बरं नव्हतं." म्हणजे आईही खोटं बोलली. बाबांना ती काही बोललेली नाही. मलाही नाही. मी स्वयंपाकघरात होते म्हणून ऐकलं.

खरं काय ते मला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यांकडून कळलं. बाबा आपल्या दारासमोरच्या सिंहगड रोडचा अलीकडचा अर्धा भाग ओलांडून डिव्हायडरपर्यंत पोचले. पलीकडच्या गाड्या काही तुटेनात. त्यात एक दुचाकी राँग साइडने त्यांच्या अगदी जवळून गेली. बाबांनी उड्डाणपुलाच्या खांबाला एक हात लावला आणि दुसरा वर केला. कोणी थांबलं नाही. मागे वळावं तर मागेही तेच. समोर स्टॉपवर स्वारगेटची बस आली, माणसं चढली, बस गेली, आणि बाबा तिच्याकडे बघत उभे. शेवटी झेरॉक्सवाले दुकान टाकून धावले. त्यांनी विचारलं, "काका, पलीकडे सोडू का?" बाबा म्हणाले, "नको. घरी."

मला झोपू देत नाही ते हे "नको. घरी."

तेव्हापासून ते रस्ता ओलांडत नाहीत. बाहेर पडतात, पेपर आणतात, मारुतीला जातात, भाजी आणतात. सगळं आपल्या बाजूचं. वाचनालय पलीकडे, जोशीकाका पलीकडे, स्वारगेटचा स्टॉप पलीकडे. आयुष्यभर कात्रजपासून निगडीपर्यंत लोकांना पोचवणाऱ्या माणसाचं पुणे आता या एका फूटपाथएवढं आहे, आणि तोही सलग नाही. विचारलं की म्हणतात, "काही काम नाही पलीकडे."

तू गेलीस तेव्हाचा सिंहगड रोड डोळ्यांपुढे आणू नकोस. रात्री नवानंतर आपण मधोमध चालत आइस्क्रीम खायला जायचो तो रस्ता गेला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कालवा आणि टेकडी, आणि जायला यायला हा एकच. आधी धायरी वाढली, मग नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. त्यातल्या या अंगाच्या गावांतला प्रत्येक माणूस सकाळी आपल्या दारावरून जातो, आणि बिचारा जाणार तरी दुसरीकडून कुठून? २०२४ आणि २०२५ मध्ये उड्डाणपुलाचे टप्पे खुले झाले. महेश ऑफिसला लवकर पोचतो, ते मी नाकारत नाही. पण खाली खांबांच्या आडून येणारी गाडी दिसत नाही, आणि जरा मोकळं मिळालं की सगळे सुसाट सुटतात. कोंडीत गाड्या उभ्या असायच्या तेव्हा बाबा त्यांच्या मधून तरी जायचे.

यावर तू काय म्हणणार ते मला ऐकू येतंय. आपल्या जेवणाच्या टेबलावरचं ते भांडण! तू सीओईपीत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि बाबांना, म्हणजे तुझ्या काकांना, शिकवायला निघालीस की रस्ता रुंद केला, पूल बांधले की कोंडी सुटते. कागदावर रस्त्याचा झकास छेद काढून दाखवलास. बाबांनी तोच कागद उलटा केला, एक बस काढली, आत पन्नास टिंबं दिली, आणि म्हणाले, आता याच टिंबांच्या पन्नास स्कूटर काढ. कागद संपला तरी तुझ्या स्कूटरी संपेनात. तू ताटावरून उठून गेलीस. आईने मागून डबा पाठवला तो मात्र चाटूनपुसून परत आला होता, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

आणि माझ्यामते बाबांचं तेव्हाही बरोबर होतं. २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, सुरू झाली, देशातली पहिली. बाबा रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, तरी मुलाचं लग्न असल्यासारखे बघायला गेले. बसला स्वतःची लेन मिळाली म्हणून त्यांचा आनंद मावत नव्हता. पण संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, "थांबे रस्त्याच्या मधोमध नेलेत. म्हातारं माणूस मधोमध पोचणार कसं?" मी तेव्हा लक्ष दिलं नाही, कोणीच दिलं नसेल. पुढे नगर रोडवरची बीआरटी उखडली, तेव्हा ते दोन दिवस धड बोलले नव्हते.

मेट्रोचंही तसंच. २०२४ च्या सप्टेंबरात सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाला आणि आम्ही त्यांना घेऊन गेलो. मंडईखालून आपण चाललोय या गोष्टीचं त्यांना एवढं अप्रूप, की शेजारच्या अनोळखी मुलाला सांगत होते, आता वर बरोबर मंडई असेल बघ. लिफ्ट, कठडे, दाराशी नीट उभं राहणारी माणसं, सगळं आवडलं. उतरल्यावर म्हणाले, "गाडी उत्तम आहे. पण माणूस गाडीपर्यंत पोचला पाहिजे." आता खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी मार्गालाही केंद्राची मंजुरी मिळाली. ती गाडी धावेल तेव्हा बाबांचं वय काय असेल, याचा हिशोब मी करत नाही.

टॉमटॉम कंपनीची वाहतूक कोंडीच्या शहरांची ती यादी आठवते? २०२४ मध्ये पुणं जगात चौथं आलं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. तू ते कात्रण मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खाली नुसते हसरे चेहरे टाकले होतेस, आणि मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही, कारण बाहेर राहून पुण्याला हसायचं नाही असं आपलं ठरलंय. बाबांनी ती बातमी पेपरात वाचली आणि विचारलं, "हे गाडीतल्यांचं झालं. रस्ता ओलांडायला किती लागतो, ते कोणी मोजलंय का?"

घरात उपाय निघतायत. दादाचं म्हणणं, फ्लॅट विका आणि पुन्हा पेठेत जा, मंडई स्टेशनजवळ. एकाएकी त्याला नारायण पेठेचं प्रेम आलंय. तिथल्या जिन्याला शिव्या देत घर सोडायला लावणारा तोच होता. इराचं म्हणणं, आजोबांना मोबाइलवरून रिक्षा बोलावून देऊ. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, समोरच्या फूटपाथवर जायला रिक्षा? ती पुढे कुठून तरी वळून येणार, तोवर गाडी निघून जाईल. मी म्हटलं, मी हात धरून सोडते. त्यावर ते काही बोलले नाहीत. पेपर उघडला. शुभा, त्यांना सोबत नको आहे. घरातून निघून, कोणाला न विचारता, आपल्या मित्रांकडे जायचं आहे. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने एवढं मागणं जास्त आहे, असं मला कोणी सांगू नये.

महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे, मी शोधून वाचलं. चांगलं लिहिलंय, मनापासून सांगते. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनही असतो. पहिल्या वर्षी लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवला होता तेव्हा बाबा गेले होते, आणि रस्त्याच्या मधोमध हात मागे बांधून चालतानाचा त्यांचा फोटो तुलाही पाठवला होता. तो चेहरा मला परत बघायचा आहे, आणि तोही आपल्या दारासमोर.

म्हणून आता कामाचं. मागे तू सांगितलं होतंस, सिंगापूरमध्ये म्हातारी माणसं सिग्नलच्या खांबाला आपलं कार्ड लावतात आणि हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. ग्रीन मॅन प्लस, २००९ पासून. मला त्याची नीट माहिती पाठव: क्रॉसिंगच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद वाढवतात ते कोणत्या हिशोबाने? मी इथे पादचारी सिग्नलसाठी अर्ज करणार आहे, सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. झेरॉक्सवाले पहिली सही करायला तयार आहेत. आकड्यांशिवाय अर्ज दिला तर तो फायलीत जाऊन पडेल, म्हणून गणित तुझ्याकडून हवं. सेकंदाला १.२ मीटरची चाल धरतात ना? समज रस्ता २४ मीटर आहे, तर २० सेकंद झाले. बाबांची चाल त्याच्या जेमतेम अर्धी असेल, म्हणजे त्यांना ४० लागतील. खरी रुंदी मी रविवारी पहाटे इराला घेऊन टेपने मोजते.

आणि बाबांना फोन कर. झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द नको. त्यांना एवढंच सांग की मंजू असा असा अर्ज करतेय, आणि कोणत्या वेळी किती माणसं ओलांडतात ते कोणीतरी आपल्या बाजूला बसून मोजायला हवं. त्यांच्याएवढी अचूक माणसं मोजणारा पुण्यात दुसरा कोणी नाही. मी सांगितलं तर मुलगी मन रमवतेय म्हणतील. तू सांगितलंस तर वाद घालतील, तुझी चूक काढतील आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसतील.

तुझं नवं घर लागलं का? ओजसच्या निकालाचं काय? संजयना नमस्कार. जानेवारीत येतेस ते नक्की ना? मेतकूट आणि भाजणी करून ठेवते, आणखी काय हवं ते कळव.

फोन आमच्या सकाळी दहाला कर, म्हणजे तुमचे साडेबारा. दुपारी नको, ते झोपतात.

तुझी,
मंजू

ता. क. आई विचारतेय, तिकडे इडलीपात्र मिळतं की इथून पाठवू.