सोड आता म्हणालास म्हणून

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, किती वर्षं कंत्राटावर राबणार? सोड आता." तेव्हा मी काही बोलले नाही, कारण कुर्ला आलं होतं आणि डब्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. आज रविवार, म्हणून लिहितेय.

विशेष शिक्षिकेच्या पगाराचं तुझं म्हणणं खरं आहे. मुदतवाढीच्या पत्राची वाट बघून मीही विटलेय. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्रमाण ठरवायला सांगितलं आणि २०२२ मध्ये केंद्राने ते ठरवलं: प्राथमिकला अपंगत्व असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक. माझ्याकडे दोन शाळा मिळून २८ आहेत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडखळणारी मुलं आधी कायद्याच्या यादीत नव्हती, ती आली, हे बरंच झालं. शिकवणारे हात मात्र तेवढेच.

आणि हळदीकुंकवाला कोणी "पुण्याचं काम करता हो" म्हणालं की माझं डोकं फिरतं. पुण्य कसलं? कसब आहे ते.

आता बटणाचं ऐक. नऊ वर्षांचा मुलगा, बोलत नाही. त्याला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं होतं. आम्ही शेवटापासून सुरुवात करतो. बटण काजातून अर्धं मी बाहेर काढायचं, त्याने फक्त ओढायचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. म्हणजे दर वेळी काम पुरं होतं ते त्याच्याच हातून. सात महिने लागले. एका मंगळवारी त्याने पाचही बटणं लावली, एक काज चुकवून. कॉलर एका बाजूला वर गेली होती. मी हात लावला नाही. दारात त्याच्या आईने विचारलं, "असा कोणी घातला रे?" त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

पण नुसत्या अशा दिवसांवर कोणी टिकत नाही. माझ्याबरोबरच्या ज्या सोडून गेल्या, त्या मुलांना कंटाळल्या नव्हत्या. एकट्या पडल्या होत्या. जिन्याखाली वर्ग, शिक्षकांच्या खोलीत खुर्ची नाही, वर कागदांचे ढीग. पहिल्या वर्षी मीही राजीनामा लिहिला होता, तुझ्या बाबांनाही माहीत नाही. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी तो वाचला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आठवडाभर रोज तासभर माझ्या वर्गात येऊन बसल्या. सल्ला एकही दिला नाही. मुलांबरोबर मणी ओवायच्या. राजीनामा मी परत मागितला नाही, त्यांनीही दिला नाही.

कंत्राटासाठी भांडायचं ते आम्ही भांडतोय. तू त्याची काळजी करू नकोस, जेवणाची कर.

आणि हो, तुझा कॉलेजातला चौकड्यांचा शर्ट कपाटात शोधू नकोस. त्याची बटणं मोठी आहेत, वर्गात नेलाय.

तुझी,
आई